डाव्या गालाचे रंग

न्हाव्यासमोर माणूस जपून बोलतो, कारण न्हाव्याच्या हातात वस्तरा असतो. माझ्या हातात स्पंज. त्यामुळे माझ्या खुर्चीत बसलेला माणूस पाच मिनिटांत सैल होतो आणि सासूपासून शुगरपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. तीस वर्षं मेकअप करतोय मी. आधी नाटकांत, मग सिरियलमध्ये, आता मिळेल तिथे. किस्से इतके साठलेत की कुठला कुठल्या युनिटचा तेही धड आठवत नाही. हसायचे किस्से मी कुठेही सांगतो, लग्नात सांगतो, बाराव्यालाही सांगितलेत. पण गेल्या वर्षी घोडपदेवला एका पिक्चरचं शूटिंग केलं, त्यातले किस्से सांगायचे म्हटलं की मला मधेच पाणी लागतं. ग्लास भरून ठेवा.

आणि आधीच सांगतो, मी भित्रा माणूस आहे. झुरळाला भितो, प्रोड्यूसरला भितो आणि बायकोला तर भितोच.

पिक्चरची गोष्ट साधी. पंधरा वर्षांचा मुलगा, शाळेत मारामाऱ्या करतो, घरी बापाचा मार खातो, आणि आई दोघांच्या मधे भरडली जाते. डायरेक्टर रेवतीमॅडम. दादरच्या, तिशीतल्या, चिडल्या तरी शुद्ध बोलणाऱ्या. त्यांचा एकच हट्ट, सगळं खरं पाहिजे. खरी चाळ, खरी खोली, खरा मुलगा. महिनाभर ऑडिशन घेऊन शेवटी त्यांना मुलगा सापडला तो त्याच चाळीतला. ओंकार. नववीतला, काडीसारखा, प्रश्न विचारला की आधी जमिनीकडे बघणारा. आई पोळीभाजी केंद्रात कामाला, वडील रे रोडला लाकडाच्या वखारीत.

मेकअप रूम म्हणून मला तळमजल्यावरचं गणपती मंडळाचं ऑफिस दिलं होतं. एका बाजूला ढोल, एका बाजूला ट्रॉफ्या, मधे माझा आरसा आणि खुर्ची.

*

पिक्चरमधला बाप म्हणजे आमचे नाना. जुने नाटकवाले. तोंड खलनायकाचं आणि काळीज लोण्याचं. बापाने मुलाच्या थोबाडीत मारायची, असा सीन. नानांना मारताच येईना!

पहिल्या टेकला हात गालापर्यंत गेला आणि तिथे जाऊन मऊ पडला. मॅडम म्हणाल्या, "नाना, तुम्ही त्याला गोंजारताय." दुसऱ्या टेकला मारलं, आणि लगेच स्वतःच विचारलं, "लागलं का रे बाळा?" तिसऱ्याला मारायच्या आधीच नानांच्या डोळ्यांत पाणी. लाईटवाली पोरं तोंड फिरवून हसत होती.

चौथ्या टेकला नानांना वाटलं, चुकून घड्याळ लागेल पोराला. कॅमेरा चालूच होता. नानांनी डाव्या हाताने घड्याळाचा पट्टा सोडायला घेतला. पट्टा सुटल्याचा बारीकसा आवाज झाला आणि ओंकारने मान खांद्यात घातली, दोन्ही हात डोक्यावर घेतले, डोळे मिटले. नानांनी हात उचललाही नव्हता.

"कट," मॅडम म्हणाल्या, आणि सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या.

"नाना, घड्याळ काढणं ठेवूया आपण," मॅडम म्हणाल्या. "फार खरं वाटतंय."

नाना म्हणाले, "हे पोरगं मला खाऊन टाकणार."

मी टचअपला गेलो. ओंकारच्या हातावर काटा उभा होता, कोपरापासून मनगटापर्यंत. आमच्या पेटीत घाम असतो, अश्रू असतात, रक्त तर बाटलीने असतं. काटा नसतो. मी तो बघितला, "शाब्बास रे," म्हटलं, पावडर मारली आणि चहा प्यायला गेलो.

*

आता थोडी फुशारकी मारतो. माझी खासियत मुका मार. माझे गुरू आबा म्हणायचे, "रक्त कुणीही दाखवतो. मुका मार काढून दाखव." मुक्या माराला वय असतं. पहिल्या दिवशी लाल. दुसऱ्या दिवशी जांभळा, निळा. चार-पाच दिवसांनी हिरवट. मग पिवळा, मग गेला. डाग दाखवा, तो किती दिवसांचा ते मी सांगतो.

नवीन काही जमलं की मी स्वतःच्या हातावर काढून घरी जातो, बायको फसते का बघायला. बायको मालवणची. तीस वर्षांत एकदाही फसली नाही. दारातूनच म्हणते, "बिटाचो वास येता." मी बीट वापरत नाही हो. पण ऐकून घेतो.

तर या पिक्चरमध्ये थोबाडीत बसल्यावर पुढचे आठ-दहा सीन मुलाच्या डाव्या गालावर डाग हवा होता. आणि शूटिंग काही गोष्टीच्या क्रमाने होत नाही. आमचं तर नेमकं उलटं लागलं होतं. सोमवारी पिवळा, मंगळवारी हिरवा, बुधवारी निळा, गुरुवारी लालभडक. म्हणजे पोराचा मार रोज ताजा होत चाललेला! कंटिन्युइटीची सायली रोज फोनवर फोटो काढून ठेवायची आणि काल काय होतं, आज काय पाहिजे, ते मला सांगायची.

लालच्या दिवशीचा किस्सा. पहिल्या मजल्यावर तावडे आजी राहतात. ओंकार सीनसाठी जिना चढत होता, तर आजींनी त्याला धरून घरात नेलं, सहाणेवर आंबेहळद उगाळली आणि त्याच्या गालावर थापली. माझी पाऊण तासाची मेहनत हळदीखाली! मी ओरडतच गेलो.

"आजी, अहो, खोटा आहे तो डाग. मी काढलाय."

आजींनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "खोटा होय? मग बरं. म्हटलं आता तोंडावरही मारायला लागला की काय."

"कोण, नाना? नानांना मुंगी मारता येत नाही आजी," मी म्हटलं. जिन्यातले सगळे हसले. मीही हसलो.

आजी हसल्या नाहीत. सहाण उचलून आत गेल्या.

*

त्या आठवड्यात ओंकारला एक खोड लागली. पॅकअप झालं की मेकअप न काढता पळायचा. पॅकअप सहाला, आणि सहा वाजून एक मिनिटाने खुर्ची रिकामी. मी कापूस आणि खोबरेल तेल घेऊन उभा.

विचारलं की रोज नवं कारण. सोमवारी, "काका, उद्या परत काढायचाच आहे ना?" मंगळवारी, "आईला दाखवायचंय." बुधवारी, "आंघोळीत जातो तो." युनिटने त्याचं नाव 'हिरो' ठेवलं. स्पॉटदादा म्हणाला, "पहिला पिक्चर आहे, चाळीत भाव खात असेल. खाऊ दे."

मला मात्र राग यायचा. रंग रात्रभर राहिला तर पुळ्या येतात, आणि मग मॅडम मला बोलणार. म्हणून गुरुवारी, त्या हळदीच्या दिवशी, परत नीट काढलेला लाल डाग घेऊन तो पळाला तेव्हा मी त्याच्या मागे जिना चढलो. ह्या गुडघ्यांनी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला गाठलं आणि खांदा धरला.

तो कळवळला. मी म्हटलं, "नाटकं नकोत. पूस ते."

"काका, आजच्या दिवस राहू दे. पाया पडतो."

आणि खरंच वाकला. जिन्यात, माझ्या पायांवर. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी हातातला कापूस खिशात घातला आणि खाली आलो. खाली येऊन हाही किस्सा मी हसत हसतच सांगितला. तेव्हा तो मला गमतीचा वाटला होता.

*

शुक्रवारी थोबाडीत बसण्याच्या आधीचे सीन लागले. चेहरा स्वच्छ. मुलगा घरी बनियनवर अभ्यासाला बसलाय, एवढंच. ओंकार शर्ट काढायला तयार होईना. मॅडमनी दोनदा सांगितलं, मग त्याने काढला.

सायली फोन बघत म्हणाली, "दादा, उजव्या खांद्यावर तुम्ही काय काढलंय? ह्या सीनला काही नकोय. पुसा ना."

मी बघितलं. खांद्यामागे, बनियनच्या पट्टीला लागून, तळहाताएवढा हिरवट डाग. मला वाटलं, काल हात पुसताना माझाच रंग लागला असेल. ओल्या कापसाने पुसला. जाईना. तेल घेतलं. जाईना. वरून मॅडमचा आवाज, "दादा, किती वेळ?" मी रिमूव्हर घेतला आणि जोर लावून घासायला लागलो. ओंकार आरशात बघत बसला होता. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून.

मग म्हणाला, "काका, ते तुमचं नाहीये."

माझा हात तिथेच राहिला. तळहाताएवढा. हिरवट. म्हणजे चार-पाच दिवसांचा. डागाचं वय सांगणारा मी, आणि मी तो घासत होतो.

सायलीने मंडळाच्या ऑफिसचं दार लावून घेतलं.

हळूहळू निघालं सगळं. वडील वखारीतून पिऊन येतात. आले की आधी घड्याळ काढून टीव्हीवर ठेवतात. मग मारतात. तोंडावर मात्र कधीच नाही, कारण तोंडावरचं शाळेत दिसतं, चाळीत दिसतं. सकाळी त्यांना आठवतही नाही. त्या सोमवारी ओंकार गालावरचा पिवळा डाग तसाच घेऊन घरी गेला, कंटाळा करून. वडील आले, घड्याळाकडे हात नेला, आणि त्याच्या गालाकडे बघून थांबले.

"म्हणाले, हे मी केलं?" ओंकार सांगत होता. "मी काय बोललोच नाही. मग ते घड्याळ न काढता झोपले. दुसऱ्या दिवशी हिरवा होता. तिसऱ्या दिवशी निळा. त्यांना वाटलं आपण रोज मारतोय आणि आपल्याला आठवतच नाही. काल लाल बघून तर जेवलेच नाहीत." मग म्हणाला, "चार दिवस कुणाला काय नाय झालं, काका."

"अरे पण त्यांना माहितीय ना तू शूटिंग करतोस?"

"मेकअप म्हणजे पावडर, असं वाटतं त्यांना. गोरं करतात."

मी त्या खांद्यावर स्किनचा रंग लावला आणि तो डाग झाकला. ओंकार सीन करून आला, पॅकअप झालं आणि पहिल्यांदाच तो पळाला नाही. स्वच्छ चेहऱ्याने येऊन खुर्चीत बसला.

"काका, आज तोंडावर काहीच नाहीये," म्हणाला. "काढा ना एक."

आता बोला. मी काढला.

*

मॅडमना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या मटकन ढोलावर बसल्या. तो घड्याळाचा शॉट आठवला असणार त्यांना. "मी ते ठेवूया म्हटलं, दादा," एवढंच दोनदा म्हणाल्या.

पोलिसात जायचं का, इथपर्यंत बोलणं झालं. तेवढ्यात ओंकार दारात. "मॅडम, कुणाला सांगू नका. घरी बसवतील मला. आणि मग मी दिवसभर घरी." बापाची सही होती कागदावर. बापाने पोराला काढून घेतलं तर पिक्चर बंद, आणि पिक्चर बंद म्हणजे रोज संध्याकाळचा तो रंगही बंद. मॅडमनी ओळखीतून मुलांसाठी काम करणाऱ्या एक बाई शोधल्या. त्यांची भेट ठरली, पण शूटिंग संपल्यानंतरच्या सोमवारची. तोवर दहा दिवस. दहा दिवस कुणी काही बोलायचं नाही, असं आम्ही मोठ्या माणसांनी ठरवलं. भीतीने ठरवलं, दुसरं काही नाही. मॅडमना पिक्चरची भीती, मला कामाची, त्या पोराला घराची.

मग सुरू झाली दुहेरी कंटिन्युइटी. पिक्चरसाठी चेहरा स्वच्छ, आणि पॅकअपनंतर घरासाठी डाग. तो मात्र आता सरळ क्रमाने बरा व्हायला हवा होता. शुक्रवारी गडद जांभळा, शनिवारी निळा. सायलीने फोनमध्ये वेगळा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'घर'. घरच्या डागात चूक झाली तर रीटेक नव्हता. रोज सकाळी ओंकार यायचा, शर्टाची कॉलर बाजूला करून खांदा दाखवायचा, "नवीन नाय काय," म्हणायचा, आणि मग मी पेटी उघडायचो. मंगळवारपर्यंत डाग पिवळा झाला, म्हणजे जायला आला. मग बुधवारी नाइलाजाने परत लाल. बाप समजेल, काल आपण परत मारलं.

घरी बायकोला ह्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. ती ऐकून गप्प बसणारी बाई नाही. तिला सांगितलं तर काहीतरी करावं लागेल, हीच तर माझी भीती होती.

*

गुरुवारी संध्याकाळी ओंकारचे वडील सेटवर आले. प्रोडक्शनला कसल्यातरी कागदावर पालकांची आणखी एक सही हवी होती, त्यांनी परस्पर फोन केला. आम्हाला पत्ताच नाही. मी ओंकारला खुर्चीत बसवून घरचा डाग काढत होतो. कालच्या लालवर आजचा जांभळा. आरशात दार दिसतं. दारात एक माणूस उभा.

मी राक्षस बघायची तयारी ठेवली होती. हा माणूस माझ्याहून बुटका. शर्टाला लाकडाचा भुसा, केस नीट विंचरलेले, तोंड धुऊन आलेला. डाव्या मनगटात स्टीलचं घड्याळ. ओंकारचे डोळे आरशातून त्या घड्याळावर. माझेही.

माझ्या एका हातात जांभळा रंग, दुसरा पोराच्या हनुवटीखाली. लपवायला काही जागाच नव्हती. आता ह्याला सगळं कळलं, असं मला वाटलं.

तो आत आला. पट्ट्याशी चाळा करत होता. बोटं पट्ट्यावर गेली की ओंकार आणि मी दोघेही श्वास धरायचो. तो आमच्या अगदी मागे येऊन उभा राहिला, पोराच्या गालाकडे आरशातून बघितलं आणि हळू आवाजात मला म्हणाला, "नीट झाकताय ना, दादा?"

मला आधी कळलंच नाही.

"पडद्यावर मोठं दिसतं म्हणतात," तो म्हणाला. "लोकांना नको दिसायला. झाकलं जातंय ना पूर्ण?"

मेकअपवाला म्हणजे झाकणाराच. मी डाग काढतोय हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"झाकतोय," मी म्हटलं.

"मला आठवत नाही हो," तो म्हणाला. "देवाशप्पथ. सकाळी बघतो तर ह्याच्या तोंडावर."

मला त्याची भीती वाटत होती, आणि तो मला भीत होता. त्या खोलीत ओंकार एकटाच शांत बसला होता. वडील सही करून गेले. पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं असावं, कारण हात वर गेला. ओंकारची मान खांद्यात गेली. तो हात तसाच खाली आला.

*

शेवटचा दिवस शनिवार. नारळ फुटला, पेढे वाटले. नाना ओंकारला मिठी मारून रडले. मॅडमनी मला बाजूला घेतलं. सोमवारी अकराला त्या बाई येणार, पण मधला रविवार कसा काढायचा? वखारीला रविवारी सुट्टी, आणि मागच्या रविवारी निदान शूटिंग तरी होतं. बाप दिवसभर घरी.

मी पेटी आवरत होतो. ओंकारची आई आली. तिला मी तोवर फक्त लांबून बघितलं होतं. बारीक बाई, हातात डबा. पोळीभाजी केंद्रातून थेट आली होती, पदराला पिठाचा वास. डबा टेबलावर ठेवला, स्टुलावर बसली आणि दाराकडे एकदा बघून म्हणाली, "दादा, हे रंग बाजारात मिळतात?"

मी पेटीचं झाकण लावलं.

"ह्यानं सांगितलं मला. उद्यापासून तुम्ही नसणार. मी काढत जाईन. मला दाखवा फक्त, हात कसा धरायचा."

मी पेटी परत उघडली. ओंकार बाहेर पेढे खात होता, म्हणून माझ्याच हातावर दाखवायला घेतलं, मनगटाच्या वर. आधी लाल. त्यावर जांभळा, निळा. "आणि चौथ्या दिवशी मधे असा हिरवा घ्यायचा," म्हटलं आणि स्पंजाने मधे हिरवा टेकवला.

"नाही दादा," ती म्हणाली. "असं नाही होत."

तिने स्पंज माझ्या हातातून घेतला. माझा हिरवा पुसून टाकला.

"मधे नाही येत हिरवा. कडेनं येतो. कडा आधी पिवळ्या पडतात, मग हिरवं आत सरकतं. मधलं निळं शेवटपर्यंत राहतं." बोलता बोलता तिचं बोट चाललं होतं. पोळीच्या कडा दाबाव्यात तसं. "आणि एका बाजूला जास्त गडद पाहिजे. जिथे आधी बसतो, तिथे. ते आमच्या ह्यांना कळलं नाही, कारण ते बघत नाहीत. तावडे आजींनी हिरवा बघितला असता तर त्यांना कळलं असतं."

तीस वर्षं मी मुका मार काढतोय. हे मला आबांनी शिकवलं नव्हतं, आबांनाही माहीत नव्हतं. तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही माझी. एका रिकाम्या डबीत तीन रंग थोडे थोडे काढून दिले. तिने ते जेवणाच्या डब्यात खाली ठेवले, वर झाकण लावलं, आणि पेढा न घेता गेली.

मी परळला चालतच आलो. हात पुसायचं लक्षातच आलं नाही.

घरात शिरलो तर बायको बांगडे तळत होती. पेटी खाली ठेवून बॅग खुंटीला लावायला हात वर केला. बाही खाली आली. तिने वळून बघितलं. आता बिटाचा वास येणार, म्हणून मी नेहमीसारखा उभा राहिलो.

तिने झारा तव्यावर ठेवला, जवळ आली, माझा हात धरून उजेडाकडे नेला. डागाच्या कडेवर अगदी हलकं बोट ठेवलं, दुखू नये म्हणून.

"कोणी मारल्यान तुमका?" म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. घड्याळापासून सुरुवात करून डबीपर्यंत. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही. सांगून झालं तेव्हा तव्यावरचा बांगडा एका बाजूने काळा झाला होता. तिने गॅस बंद केला, हात धुतले, पायात चपला घातल्या आणि दार उघडून उभी राहिली.

"घर खंय तां दाखवा."